वशिंडाची शिकारी सुरी घ्यावी का?

१. प्रश्न

पाठीला उंचवटा असलेली ती शिकारी सुरी विकत घेण्यासारखी आहे का, असं अमरावती-अकोल्याकडची तरुण मंडळी हल्ली बरेचदा विचारतात. कुणी बुद्धपौर्णिमेला मेळघाटात मचाणावर रात्र काढणार असतं, कुणी पावसाळ्यात चिखलदऱ्याच्या आसपास पायी भटकणारं असतं, कुणी वरुड-मोर्शीकडे संत्र्याच्या बागेत मुक्कामाला असतं. प्रत्येकानं मोबाइलवर एक चित्र पाहिलेलं असतं. पातं वितीपेक्षा आखूड. पाठ मुठीपासून सरळ निघते, टोकाच्या थोडं अलीकडे बैलाच्या वशिंडासारखी वर येते आणि मग टोकाकडे उतरते. खालची धार पुढे गोलावलेली. लाकडी मूठ, चामड्याचं म्यान. विकणारा तिला ‘पारंपरिक’ म्हणतो आणि किंमतही तशीच लावतो.

हा आकार शोभेचा नाही, कुणीतरी अनुभवानं पक्का केलेला आहे. तो कोणत्या कामासाठी पक्का केला हे समजलं की घ्यायची की नाही याचं निम्मं उत्तर मिळतं. उरलेलं निम्मं पोलादात आहे, आणि थोडं कायद्यातही.

२. वशिंडाचं काम

बकऱ्याचं कातडं सोलणारा खाटीक कधी नीट पाहिला असेल, तर एक गोष्ट लक्षात आली असेल. पहिला छेद दिल्यानंतर तो सुरीचं टोक फारसं वापरतच नाही. कातडं एका हातानं ताणायचं आणि धारेचा गोल भाग कातडं व मांस यांच्या मधून फिरवत न्यायचा, असं ते काम चालतं. टोक मध्ये घुसलं तर कातड्याला भोक पडतं, आणि पोट उघडताना आतडं फुटलं तर मांस खराब होतं. म्हणून सोलायच्या सुरीला पुढच्या बाजूला भरपूर गोलाई हवी आणि टोक मात्र पुढे खुपणारं नको.

गोल धारेचा आणखी एक फायदा आहे. सरळ धार वस्तूवर नुसती दाबली तर ती चिरत नाही, चेंबते. धार वस्तूवरून सरकली पाहिजे. आपली पावशी वाकडी असते ती याचसाठी. कोहळ्याची फोड तिच्यावर दाबताना वाकणामुळे ती आपोआप सरकते आणि कमी जोरात चिरली जाते. हातातल्या सुरीच्या गोल धारेतही हेच घडतं.

आता अडचण अशी की अरुंद पात्यात मोठी गोलाई मावत नाही. पातं पुढे रुंद करावं लागतं. रुंदी खाली वाढवली तर धारेची रेघ मुठीच्या फार खाली जाते आणि हात अवघडतो. मग ती वर वाढवायची. पाठीवर जो उंचवटा येतो तो अशा हिशोबातून येतो. वशिंड स्वतः काही कापत नाही. ते खालच्या गोल धारेला जागा करून देतं. शिवाय नाजूक काम करताना अंगठा किंवा तर्जनी टेकवायला तिथे सोय होते.

३. नेसमुक नावाचा चांभार

या सुरीला जगभर ‘नेसमुक’ म्हणतात. जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स (१८२१–१८९०) या अमेरिकन लेखकाचं ते टोपणनाव. लहानपणी ज्या मूळनिवासी माणसानं त्याला जंगलाची ओळख करून दिली, त्याचं नाव त्यानं आयुष्यभर स्वतःला लावलं. सीअर्सचा धंदा जोडे शिवण्याचा. पेनसिल्व्हेनियातल्या वेल्सबरो या गावी तो राहायचा. अंगानं किरकोळ, त्यात छातीचं दुखणं. जंगलात हिंडायची ओढ मात्र जबर. त्यामुळे ‘ओझं कमी कसं होईल’ हा त्याच्या लिखाणाचा कायमचा विषय झाला. साठी ओलांडल्यावर, १८८३ मध्ये, ॲडिरॉन्डॅकच्या तळ्यांतून त्यानं जी डोंगी वल्हवत नेली, तिचं वजन साडेदहा पौंड होतं, म्हणजे पाच किलोलाही कमी. पुढच्याच वर्षी, १८८४ मध्ये, त्याचं ‘वुडक्राफ्ट’ हे पुस्तक आलं. त्यात त्याच्या हत्यारांचं चित्र आहे आणि त्या चित्रातूनच ही सुरी प्रसिद्ध झाली.

त्या चित्रात हत्यारं तीन आहेत. एक छोटी दुधारी कुऱ्हाड, एक घडीचा चाकू आणि तिसरी ही वशिंडाची सुरी. लाकूड फोडायला कुऱ्हाड, बारीक तासकामाला घडीचा चाकू, आणि मांस-कातडं व जेवणखाण यासाठी सुरी. सुरीनं लाकूड फोडायचं नव्हतं, म्हणून ती पातळ ठेवता आली. बाजारात मिळणाऱ्या जाडजूड ‘शिकारी’ सुऱ्यांवर सीअर्सनं त्याच पुस्तकात सडकून टीका केली आहे. आज त्याच्याच नावानं ज्या सुऱ्या विकल्या जातात त्यांतल्या अनेक तशाच जाडजूड आहेत! आकार त्याचा घेतला आणि ज्या गुणासाठी तो धडपडला तो पातळपणा सोडून दिला. मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त खटकतं ते हेच.

४. जाडीचा हिशोब

एक उदाहरण करून पाहू. पातं १२ सेंटिमीटर लांब आणि ४ सेंटिमीटर रुंद धरा. पोलादाचं वजन दर घन सेंटिमीटरला साधारण ७.८५ ग्रॅम.

जाडी अडीच मिलिमीटर असेल तर १२ × ४ × ०.२५ म्हणजे १२ घन सेंटिमीटर, वजन सुमारे ९४ ग्रॅम. जाडी पाच मिलिमीटर केली तर वजन सरळ दुप्पट, १८८ ग्रॅम. (धार काढताना दोन्हींतून थोडं पोलाद जाईल, पण प्रमाण तसंच राहील.)

वजनापेक्षा मोठा फरक कापण्यात पडतो. पाठीपासून धारेपर्यंत पातं निमुळतं होत गेलं असं समजा. अडीच मिलिमीटर पात्याची पाचर साधारण साडेतीन अंशांची होते, पाच मिलिमीटरची सात अंशांची. कोहळं, रताळं, कांदा, काहीही कापताना पात्याला दोन फोडी आपल्या जाडीइतक्या बाजूला सारायच्या असतात. जाड पातं कोहळ्यात अर्ध्यावर अडकतं आणि मग आपण जोर लावतो. तिथूनच कोहळं तडकतं किंवा सुरी निसटून हाताला लागते. धार कितीही तल्लख काढली तरी मागची जाडी लपत नाही.

म्हणून विकत घेताना पहिली विचारपूस जाडीची करा. चित्रात जाडी कधीच दिसत नाही.

५. वऱ्हाडातले शिकारी काय वापरत?

‘पारंपरिक शिकारी सुरी’ या शब्दांनी आपल्या मनात आपल्याच परंपरेचं चित्र उभं राहतं. पण वऱ्हाडात पिढ्यान्‌पिढ्या शिकारीवर जगलेला समाज म्हणजे फासेपारधी, आणि त्यांचं मुख्य साधन होतं फासा. तितर-बटेरांसाठी बारीक दोऱ्यांचे फासे, हरणासाठी मजबूत दोराचे, जमिनीत खुंट्या ठोकून ओळीनं लावलेले. कोणत्या वाटेनं जनावर येईल, वारा कुठून वाहतो, कोणत्या झुडपाशी पाखरू थबकेल, हे त्यांचं ज्ञान होतं. १९१६ साली रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांनी मध्य प्रांतातल्या जाती-जमातींवर चार खंडांचा ग्रंथ काढला. त्यातही पारध्यांची नोंद फाशांसकट आहे.

पारध्याकडे सुरी असायची, पण ती घरातल्या कोणत्याही सुरीसारखी साधी. कौशल्य सुरीच्या आकारात नव्हतं, जनावर ओळखण्यात होतं. आणि या ज्ञानाची किंमत त्यांना काय मिळाली? १८७१ च्या कायद्यानं इंग्रजांनी जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली आणि तो शिक्का पारध्यांवरही बसला. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा गेला, पण गावात चोरी झाली की पहिला संशय पारध्यावर, ही खोड गेलेली नाही. ज्यांच्या हातात खरी शिकारी परंपरा होती त्यांच्याकडे साधी सुरी दिसली तरी पोलीस थांबवतात, आणि शहरातला माणूस हौसेनं ‘पारंपरिक’ सुरी कमरेला लावतो. या विषयावर लिहिताना हे सांगितल्याशिवाय पुढे जाणं मला योग्य वाटत नाही.

मेळघाटातल्या कोरकूंच्या खांद्यावर दिसते ती कुऱ्हाड. सरपणापासून खोपटाच्या खांबापर्यंत सगळी कामं तीच करते. रानातलं हत्यार पाहायचं असेल तर सीअर्सच्या तीन हत्यारांपैकी कुऱ्हाड तेवढी आपल्याकडे पहिल्यापासून आहे.

६. सोलणार काय?

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ चा आहे. मेळघाट १९७३-७४ साली देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत आला. शिकार बंद झाली त्याला कित्येक दशकं उलटली. रानडुकरं आणि रोही यांनी शेतकऱ्याला जेरीस आणलं आहे हे खरं. पण त्यांना मारायलासुद्धा वनखात्याचा परवाना लागतो, आणि अशा परवान्यानं मारलेलं जनावर कायद्यानं सरकारची मालमत्ता असतं. म्हणजे कातडं सोलायचा प्रश्नच येत नाही. ज्या कामासाठी वशिंड आलं ते काम आपल्या रानात कायदेशीरपणे करताच येत नाही. उरतो तो बोकड.

आणखी एक कलम मचाणावर जाणाऱ्यांनी नक्की वाचावं. याच कायद्यात ‘शस्त्र’ कशाला म्हणायचं याची यादी आहे. तीत बंदूक, धनुष्यबाण, विष, जाळी, फासे यांच्या जोडीला सुरीचंही नाव आहे. आणि कलम ३१ सांगतं की लेखी परवानगीशिवाय कोणतंही शस्त्र घेऊन अभयारण्यात जाता येणार नाही. राष्ट्रीय उद्यानालाही हेच लागू आहे. मेळघाट असो, नरनाळा असो की अकोल्याजवळचं काटेपूर्णा, ही सुरी कमरेला लावून फाटकातून आत जाणं हा गुन्हा ठरू शकतो. मचाणावर पाण्याची बाटली, पांघरूण आणि डब्यातलं जेवण लागतं. सोललेलं संत्रं न्या, म्हणजे सुरीची गरजच पडणार नाही.

दुसरा कायदा शस्त्रांचा, १९५९ चा. त्याच्या नियमांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची धारदार हत्यारं शस्त्रांच्या वर्गात धरली आहेत. घरकाम, शेती, विज्ञान व उद्योग यांसाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. नऊ इंच म्हणजे सुमारे २३ सेंटिमीटर, दोन इंच म्हणजे ५ सेंटिमीटरला जरासं जास्त. लांबीचं बंधन वशिंडाची सुरी सहज पाळते, पण रुंदीकडे लक्ष द्या. हौशी कारागीर वशिंड जितकं उंच करेल तितकी रुंदी दोन इंचांजवळ जाते. रुंद पावशी किंवा विळा स्वयंपाकाचा आणि शेतीचा आहे हे उघड असतं. ‘शिकारी’ म्हणून विकलेल्या सुरीबद्दल तसं म्हणता येत नाही. याशिवाय सणावारात किंवा निवडणुकीच्या काळात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ नुसार शस्त्र बाळगायला बंदी घालणारे आदेश निघतात. अशा दिवसांत कमरेची सुरी कितीही आखूड असली तरी अडचणीत आणेल.

७. पोलादाला पाणी

समजा हे सगळं ऐकूनही तुम्हाला ती आवडली आहे. घरी बोकड पडतो, शेतावर रोडगे-वांग्याचं जेवण असतं, आणि चांगलं हत्यार हाताळायची आवड आहे. आवड हे खरेदीचं पुरेसं कारण आहे. मग पैसे कशाचे मोजायचे ते पाहू.

लोखंडात कार्बन किती आहे यावर सगळं अवलंबून असतं. खिडकीच्या गजाच्या साध्या लोखंडात तो पाव टक्क्याहून कमी असतो. त्याची सुरी दिसेल छान, पण धार टिकणार नाही. ट्रकच्या कमानीच्या पाट्यात तो साधारण अर्धा टक्का किंवा थोडा जास्त असतो. एवढा कार्बन असला की पोलादाला ‘पाणी’ देता येतं. चुंबक चिकटेनासं होईपर्यंत पातं तापवायचं. लोखंड हा गुण सुमारे ७७० अंश सेल्सिअसला सोडतं. त्याहून थोडं वर नेऊन पातं झटकन तेलात बुडवलं की ते अतिशय कडक होतं. पाट्याचं पोलाद तेलातच बुडवावं. पाण्यात ते तडकायची भीती असते.

पण इथे थांबलं तर काम बिघडतं. कडक झालेलं पातं तळलेल्या पापडासारखं असतं: वाकत नाही, मोडतं. पाणी न दिलेलं पातं ताज्या पोळीसारखं असतं: मोडत नाही, दुमडतं. सुरीला या दोन्हींच्या मधली जागा हवी, आणि ती मिळवायला पातं पुन्हा हलकेच तापवावं लागतं. घासून चकचकीत केलेलं पातं तापू लागलं की त्यावर रंग चढतात. सुमारे २०० ते २२० अंशांना फिकट, गवतासारखा पिवळा येतो. पुढे तपकिरी, जांभळा, आणि ३०० अंशांच्या आसपास निळा. सुरीसाठी पिवळ्यावर थांबायचं. कुऱ्हाडीला फटका सोसायचा असतो, म्हणून तिला जांभळ्या-निळ्यापर्यंत नेतात. अनुभवी लोहार हे रंग सावलीत बसून पाहतो, कारण उन्हात ते ओळखू येत नाहीत.

वशिंडाचा आकार कुणीही कापू शकतो. पाणी नीट दिलं आहे की नाही, यातच सुरीची किंमत आहे. ते तपासायला कानस पुरे. धारेजवळ कानस हलकेच फिरवा. ती घसरली, किरकिरली तर पातं कडक आहे. पोलाद खाऊ लागली तर पाणी नीट बसलेलं नाही. पात्यावर लाटांची नक्षी असेल तर सांभाळून, कारण ती नुसती आम्लानं उमटवलेली असू शकते.

न गंजणाऱ्या पोलादात क्रोमियम दहा-साडेदहा टक्क्यांहून जास्त असतं. पाट्याच्या पोलादात ते नसल्यासारखंच. अशी सुरी वांग्यानं, लिंबानं काळी पडते आणि आषाढ-श्रावणात गंजते. पुसून तेलाचा हात फिरवला की वर्षानुवर्षं चालते. चामड्याच्या म्यानात मात्र ती कायमची ठेवू नका, कारण चामडं ओल धरतं.

८. मग घ्यायची कुठून?

अमरावती-अकोल्याच्या रस्त्यांकडेला गाडीलोहारांचे संसार दिसतात. चित्तोडशी नातं सांगणारी ही माणसं. भाता, ऐरण आणि घण एवढ्यावर विळे, कुऱ्हाडी, पावश्या घडवतात. कित्येकदा घण घालणारी बाईच असते. गावोगावच्या लोहारसाळांतही फाळ, विळे पाजवायचं काम अजून चालतं. यांच्यापैकी कुणाकडेही जा आणि पुठ्ठ्यावर सुरीचं खऱ्या मापाचं चित्र कापून न्या. तोंडी वर्णनानं वशिंड हमखास चुकतं.

“भाऊ, हा पाटा कशाचा हाये? पाणी तेलाचं देता का?” एवढं विचारलं की समोरच्याला कळतं की गिऱ्हाईक नुसतं शोभेचं मागत नाही. माप सांगताना पातं १२ सेंटिमीटर, वशिंडापाशी रुंदी ४ सेंटिमीटरच्या आत, पाठीची जाडी तीन मिलिमीटरहून जास्त नाही, एवढं सांगा. घणाखाली इतकं पातळ काढायला मेहनत पडते. मजुरी वाढवून मागितली तर घासाघीस करू नका. मूठ धावड्याची किंवा शिसवीची, आणि पुढे शेंबी घट्ट.

खर्चाचा हिशोबही मांडून पाहा. समजा बाहेरून मागवलेली सुरी ४,००० रुपयांना पडते आणि तुम्ही ती वर्षातून पाच वेळा वापरता. दहा वर्षांनी एका वापराचे ८० रुपये झाले. लोहाराकडची समजा ८०० रुपयांत झाली, तर तेवढ्याच वापरात १६ रुपये. यात फुकटचा फायदा असा की धार गेली की ती पाजवून देणारा माणूस दहा-पंधरा किलोमीटरवर बसलेला आहे.

शेतावर राहणाऱ्याला मी वशिंडाची सुरी घ्या असं सांगणार नाही. तूर सोंगायला विळा लागतो, सरपणाला कुऱ्हाड, आणि रोडग्यांच्या जेवणाला वांगी चिरायला पावशी किंवा दहा-बारा सेंटिमीटरची साधी पातळ सुरी. ही तिन्ही आधीच घरात आहेत आणि बहुधा तिन्ही बोथट आहेत. ती आधी पाजवून आणा. ज्याच्या घरी बोकड सोलायचं काम वर्षातून अनेकदा पडतं, त्यानं मात्र खुशाल घडवून घ्यावी. तिथे ही गोल धार खरंच हात हलका करते. आणि जो केवळ आवडीपोटी घेणार असेल त्यानं आधी तिचं पुठ्ठ्याचं चित्र आठवडाभर स्वयंपाकघरात हाताशी ठेवावं. कांदा चिरताना, कोहळं फोडताना दर वेळी ते उचलून पाहावं. मूठ हातात बसते का, वशिंडावर अंगठा पोचतो का, खाली पाटावर धार टेकते तेव्हा बोटं आपटतात का, हे पुठ्ठ्यावरही कळतं. बोटं आपटत असतील तर लोहाराला सांगून मूठ धारेपेक्षा बोटभर वर घ्यायला लावा. पुठ्ठ्यावर ही दुरुस्ती फुकट होते, पोलादावर नाही.